पडवीत न बसलेला पेनड्राइव्ह

"आधी पडवीत," असं मालकाने म्हटलं की नवीन गिऱ्हाईक हमखास मागे वळून पडवी शोधायचं. दुकानाला पडवी नव्हती. छपाईचं ते जेमतेम दोन खोल्यांचं दुकान. पुढच्या खोलीत काउंटर आणि त्यावर एक म्हातारा संगणक, पडद्यामागच्या खोलीत मोठ्या छपाईयंत्राला जोडलेला दुसरा, नवा संगणक. म्हाताऱ्याचं नाव पडवी आणि नव्याचं माजघर, ही नावं मालकानेच ठेवली होती. त्याची परतफेड म्हणून गल्लीने मालकाचं नाव पडवीवाला ठेवलं होतं.

दुकानात नियम एकच होता. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी पडवीला लावायचा, मग तो कोणाचा का असेना. पडवीला त्याने अशी शिस्त लावली होती की काहीही येऊन चिकटलं तरी ती आपणहून त्याच्या आत डोकावत नसे. आधी तपासणी, मग प्रवेश. हवं ते पान तेवढं काढून दोन्ही संगणकांमधल्या तारेने माजघराकडे धाडायचं आणि पेनड्राइव्ह बाहेरच्या बाहेर ज्याचा त्याला परत द्यायचा. माजघराला कोणा परक्याचा हात लागलेला त्याला खपत नसे.

एखादं गिऱ्हाईक कुरकुरायचं, म्हणायचं की मी कुठे काय उघडतोय, नुसता लावायचाय. मग पडवीवाला हातातलं काम टाकून समजावत बसे. संगणकाचा स्वभावच मुळी अति अगत्याचा. तुम्ही काही उघडा न उघडा, पेनड्राइव्ह लागला रे लागला की हा धावत जाऊन पाहुण्याच्या हातची पिशवी घेतो. आत काय काय आहे, कुठल्या कप्प्यात आहे, याची यादी पाहुण्याच्याच तोंडून ऐकतो आणि शब्द न् शब्द खरा धरतो. पाहुणा म्हणाला की पिशवीत हत्ती आहे, तर हा हत्तीसाठी जागा करायला भिंती पाडायला घेतो, आणि घरच अंगावर येतं. बरं, पाहुणा दर वेळी लबाडच असतो असंही नाही, कधी कधी बिचाऱ्याची यादीच फाटलेली असते. एवढं ऐकेपर्यंत गिऱ्हाईक दमून गेलेलं असायचं आणि पेनड्राइव्ह मुकाट्याने पुढे करायचं.

पडवीवाल्याचा हा नियम गल्लीतल्या डॉक्टरांनी पाळला होता, वकिलांनी पाळला होता, आणि ज्या बाईंच्या मालकीची ही जागा होती त्या घरमालकीणबाईंनीही पाळला होता. राहता राहिले सासरे.

सासरे वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या तराजूंकडे डोळे बारीक करून बघण्यात काढली, आणि निवृत्तीनंतर डोळे पुन्हा मोठे करायचं राहून गेलं. जावयाबद्दल त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही. दर भेटीत ते फक्त एवढंच विचारत, "बाकी, तुम्ही करता काय हल्ली?" लग्नाला इतकी वर्षं झाली तरी प्रश्न तोच आणि पडवीवाल्याचं उत्तरही तेच. छपाई, असं तो म्हणाला की सासरे "हं" म्हणून मान डोलवत. त्या "हं"मध्ये काय भरलेलं असे ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

आणि अशा या सासऱ्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक त्याच्याकडे छापायला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी खात्यातले जुने सोबती जमणार होते, तिथे प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत ठेवायची होती. सकाळी डबा हातात देताना बायकोने पडवीवाल्याला दारातच थांबवलं होतं.

"अहो, आज तेवढा काही घोळ घालू नका. बाबा मोठ्या छापखान्यात जाणार होते, मी अडवलंय. पहिल्यांदाच तुम्हाला त्यांनी काही काम सांगितलंय."

पडवीवाल्याला हे वेगळं सांगायची गरज नव्हती. त्याला रात्री नीट झोप लागली नव्हती.

दुपारी सासरे आले तेव्हा काउंटरशी एक बाई उभ्या होत्या. केस ओले, खांद्यावर ओलसर पिशवी आणि पायांत रबरी चपला. जवळच्या तलावावर त्या पोहायला शिकवत. तिथे लावायची सूचना छापून हवी होती: पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने येथे अंघोळ करावी. त्यांचा पेनड्राइव्ह पडवीला लागला, तपासून झाला, सूचनेचं पान माजघराकडे रवाना झालं. मग त्या म्हणाल्या की कोपऱ्यावर जाऊन पिशवीचा तुटलेला बंद शिवून आणते, तोवर छापून ठेवा. आणि गेल्या.

सासऱ्यांनी गळ्यातली दोरी काढली. तिला त्यांचा पेनड्राइव्ह अडकवलेला असे. झोपतानाही तो गळ्यात असतो असं सासूबाई सांगत.

"घ्या जावईबापू. शेवटची दुरुस्ती करून आणलीये. आता एका अक्षराला हात लावायचा नाही."

पडवीवाल्याने पेनड्राइव्ह घेतला आणि सवयीने हात पडवीकडे नेला. तिथेच तो अडला. पडवीपुढे तोवर एक कॉलेजकुमार आणि एक पार्सलवाला रांगेत येऊन उभे राहिले होते. त्या दोघांच्या मागे सासऱ्यांना उभं करायचं, आणि वर तुमचं सामान तपासून घेतो म्हणायचं? ज्या माणसाने हयातभर जगाची मापं तपासली त्याला? बायको काय म्हणेल? त्याने पडदा वर धरला आणि म्हणाला, "या ना बाबा, आत या. तुम्ही काय परके आहात?"

माजघराला पेनड्राइव्ह लागला. संगणकाचा पडदा क्षणभर उजळला, मग निळा झाला, मग काळा. संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला, पेनड्राइव्ह दिसताच पुन्हा निळा झाला आणि पुन्हा काळा. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा पडवीवाल्याने घाईघाईने पेनड्राइव्ह काढून घेतला. आता यंत्राने नवीनच पवित्रा घेतला. पडद्यावर अक्षरं आली की मी स्वतःची तपासणी करत आहे, कृपया मला बंद करू नका, आणि त्याखाली मुंगीच्या पावलाने सरकणारी एक पट्टी दिसू लागली.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा. जरा दम खातोय."

सासऱ्यांचे डोळे बारीक झाले. आत्ताच त्या ओल्या केसांच्या बाईचं काहीतरी या यंत्रात आलं ना, असं त्यांनी विचारलं. आलं होतं, हे खरंच होतं. बाई पिशवी शिवायच्या निमित्ताने सटकली, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. खात्यात असताना खोटी वजनं ठेवणारा माणूस नेमका तपासणीच्या वेळी चहाला जायचा, असं त्यांनी सांगितलं. पडवीवाल्यालाही ते पटलं. पटवून घेणं सोयीचंही होतं.

पण पुस्तकाचं काय? ताजी प्रत फक्त पेनड्राइव्हमध्ये होती. पडवीलाही त्या बाईचा पेनड्राइव्ह लागला होता, म्हणून सासऱ्यांनी ती आधीच बाद ठरवली. शेजारी फोटोवाला, पडवीवाल्याचा बालमित्र. त्याच्या यंत्रावरून निदान मजकूर तरी काढून घेऊ म्हणून दोघे तिकडे गेले. फोटोवाल्याने कोणाची तरी बारशाची छायाचित्रं उजळ करायचं काम थांबवलं आणि छाती पुढे काढली.

"अरे, तुझ्या त्या पडवी-माजघराच्या नादात तूच अडकून पडलायस. माझं यंत्र बघ, दगड आहे दगड. आण इकडे."

दगड निळा झाला. मग काळा झाला. मग त्यानेही स्वतःची तपासणी काढली. फोटोवाला पडद्याकडे अशा नजरेने बघत राहिला की पडवीवाल्याला दुसरीकडे बघावं लागलं. बारसं झालेल्या बाळाचे आईवडील बाकावरच बसले होते, आणि आपलं बाळ कुठे गेलं असं त्यांनी दोनदा विचारलं.

दोन्ही दुकानांत इंटरनेटची जोडणी एकच होती, आणि सासऱ्यांचा तर्क त्यावरच उभा राहिला. बाईने आणलेली पीडा तारेतून इकडे शिरली, असं ते म्हणाले. तीच जोडणी पलीकडे औषधांच्या दुकानातही जात होती. सासरे लगोलग तिकडे गेले आणि काउंटरवरच्या वहिनींना सावध केलं. वहिनी फार शहाण्या बाई. त्यांनी काही न विचारता पहिल्यांदा इंटरनेटची तार उपटून बाजूला ठेवली.

"आता माझ्याकडे काही यायचं नाही," त्या म्हणाल्या. "काकांचं पुस्तक अडलंय ना? लावा इथे, काढून देते मजकूर."

पडवीवाला काही बोलण्याच्या आत सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने पेनड्राइव्ह लावला. औषधांचं दुकानही निळं झालं.

तिथे, खोकल्याच्या बाटल्यांच्या कपाटासमोर उभं असताना, पडवीवाल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वहिनींनी तार आधीच काढली होती. तारेतून काही येणं शक्यच नव्हतं. बाई इकडे फिरकल्याही नव्हत्या. तिन्ही दुकानांत जाऊन आलेली वस्तू एकच होती, आणि ती सासऱ्यांच्या मुठीत होती. उजेड पडला खरा, पण त्याचं करायचं काय हे कळेना. हे वाक्य सासऱ्यांसमोर कुठल्या तोंडाने उच्चारायचं? त्याने मनातल्या मनात तीनचार प्रकारे सुरुवात करून पाहिली. एकही सुरुवात "बाबा" या शब्दाच्या पुढे गेली नाही.

त्याला आता कारणही दिसत होतं. सासरे पेनड्राइव्ह कसा काढतात हे त्याने सासुरवाडीत कितीदा पाहिलं होतं. संगणकाचं लिहून संपलंय की नाही याची विचारपूस नाही, आता काढू का म्हणून विचारणं नाही. काम झालं वाटलं की तण उपटावं तसा उपटायचा. एकदा त्याने भीत भीत सुचवलं होतं तर उत्तर आलं होतं, "माझी वस्तू काढायला मी त्याची परवानगी मागू?" विषय तिथेच संपला होता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. झालं का छापून, असं तिने विचारलं. होतंय, असं तो म्हणाला, आणि हे खोटं नाही अशी स्वतःची समजूत घालत आपल्या दुकानाकडे वळला.

दुकानात आता भरती आली होती. फोटोवाला, बाळाचे आईवडील, बाळ, औषधवाल्या वहिनी, औषधासाठी ताटकळलेले दोन खोकणारे गृहस्थ, शिवाय आधीचे कॉलेजकुमार आणि पार्सलवाला होतेच. मधोमध स्टुलावर सासरे बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर कामाचं तेज आलं होतं. आणि अशा या दरबारात पोहणाऱ्या बाई, शिवलेली पिशवी खांद्याला लावून, हसत हसत शिरल्या.

"झाली का हो दादा माझी सूचना?"

सासऱ्यांनी त्यांना बसायला सांगितलं, मग बसायला जागा नाही हे पाहून उभं राहायला सांगितलं, आणि चौकशी सुरू केली. पेनड्राइव्ह कुठून घेतला, कोणाकोणाला दिला, निघायची घाई का केली? बाई आधी गोंधळल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की गल्ली बंद पडायला आपल्याला जबाबदार धरलंय. चिडल्या नाहीत. पिशवीतून पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला.

"परत तपासा की. मला काय."

पडवीवाल्याने तपासला. स्वच्छ होता. मघाशीही स्वच्छच होता, हे त्याला पुरतं माहीत होतं, आणि त्याचे कान गरम झाले. सासऱ्यांचं मात्र समाधान झालं नाही. एकदा खरं उतरलेलं वजन दुसऱ्यांदाही खरं असेलच असं नाही, असं ते म्हणाले.

"तपासा ना काका, दहादा तपासा," बाई म्हणाल्या. "माझंही तलावावर हेच चालतं. जो तो म्हणतो, घरून अंघोळ करून आलोय. मी म्हणते, असाल, पण इथे पुन्हा करा. माझ्या सासूबाई येतात पोहायला, त्यांनाही सोडत नाही."

पडवीवाल्याने मान वर केली. "सासूबाईंना?"

"हो."

"रागावत नाहीत?"

"रागावतात की. चार दिवस बोलल्या नव्हत्या. पण पाणी सगळ्यांचं असतं ना दादा."

पडवीवाला बाईंकडे बघत राहिला. या बाईला आपण चोर ठरवू दिलं, आणि कशासाठी, तर सासऱ्यांना दोन मिनिटं रांगेत उभं करायचा धीर झाला नाही म्हणून. त्याला मनापासून लाज वाटली. लाज भीतीपेक्षा जरा जास्त भरली, आणि तोंडातून शब्द बाहेर पडले.

"बाबा, तुमचा द्या."

"काय?"

"पेनड्राइव्ह. पडवीला लावून बघायचाय."

खोकणारे गृहस्थ खोकायचे थांबले. सासरे हळूहळू स्टुलावरून उठले.

"म्हणजे माझ्यावर संशय आहे?"

"तुमच्यावर नाही बाबा. पण वहिनींनी तार आधीच काढली होती. तिन्हीकडे जाऊन आलाय तो फक्त हा. मी तो पहिल्यांदाच इथे लावायला हवा होता. तुम्हाला कसं थांबवायचं म्हणून लावला नाही. चूक माझी आहे."

सासऱ्यांची मूठ पेनड्राइव्हवर आवळली गेली. लोक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, पण ते स्वतः मुठीकडे बघायला लागले. खात्यात नव्याने आलेल्या पोरांना ते पहिला धडा हाच देत असत: दुकानदाराच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा, ज्याच्या वजनात खोट असते त्याचा हात वजनावर जातो. मग त्यांनी मूठ उघडली आणि पेनड्राइव्ह काउंटरवर बाईंच्या पेनड्राइव्हशेजारी ठेवला.

"लावा," ते म्हणाले. "रांगेत माझाही नंबर होताच."

पडवीने आत पाऊल न टाकता बाहेरूनच यादी वाचली आणि जे दिसलं ते पडद्यावर मांडलं. पेनड्राइव्हची यादी मधोमध तुटलेली होती. पुस्तकाचा कप्पा सांगत होता की मी माझ्याच आत ठेवलेला आहे, आणि एका प्रकरणाने तर आपला आकार अख्ख्या पेनड्राइव्हहून कितीतरी मोठा लिहिला होता.

"आहे त्याहून जास्त दाखवतंय?" सासऱ्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"हो बाबा. तेवढी जागा करायला गेली आणि यंत्रं कोसळली."

"कोणतं प्रकरण?"

पडवीवाल्याने वाचलं आणि घुटमळला. शेवटी फोटोवाल्यानेच मान पुढे घालून मोठ्याने वाचून दाखवलं, "खोटी वजनं आणि ती ओळखण्याच्या युक्त्या."

बाळाचे वडील आधी हसले, मग वहिनी. मग स्वतः सासऱ्यांच्या मिश्या हलल्या, आणि ते असे हसायला लागले की त्यांना स्टुलावर परत बसावं लागलं. जावयाने त्यांना इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं की ही खोट आली कशी. पडवीवाल्याने उपटण्याबद्दल सांगितलं, जमेल तितकं मऊ करून. सासऱ्यांनी ते निमूट ऐकून घेतलं आणि एकच म्हणाले, "तुम्ही एकदा सांगितलं होतंत."

पुढचं काम सरळ होतं. पडवीने यादी सांधली, प्रकरणं जागच्या जागी सापडली. गेली ती फक्त शेवटची दुरुस्ती. ती सासऱ्यांनी पडवीसमोर बसून एका बोटाने पुन्हा केली आणि मग संगणकाला रीतसर विचारून पेनड्राइव्ह काढला. तोवर माजघराची तपासणी संपून ते जागं झालं होतं. वहिनींचं यंत्रही सुरू झालं, फोटोवाल्याचा दगडही शुद्धीवर आला आणि बाळ सापडलं. सासरे दोन्ही दुकानांत स्वतः जाऊन आले, दोष माझा होता असं सांगून आले. बाईंची सूचना पडवीवाल्याने जाड कागदावर छापून दिली. संध्याकाळी पुस्तकाची पहिली प्रत गरम गरम बाहेर पडली तेव्हा सासऱ्यांनी ती हातात तोलून पाहिली आणि "हं" म्हणाले. हा "हं" नेहमीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सोबत्यांपुढे बोलायला उभं राहिल्यावर त्यांनी पुस्तकाबद्दल थोडकं सांगितलं आणि उरलेला सगळा वेळ पेनड्राइव्हची हकीकत सांगण्यात घालवला. आयुष्यात आपल्याला कोणी पकडलं नव्हतं, ते काल आमच्या जावयाने पकडलं, असं ते म्हणाले. पडवीवाला मागे उभा राहून प्रती वाटत होता. त्याने एकाच गृहस्थाला लागोपाठ दोन प्रती दिल्या. बायको लांबून त्याच्याकडे बघून हसत होती.

गोष्ट इथे संपली असती तर पडवीवाला सुखात राहिला असता. पण दोनच दिवसांनी सासरे सकाळी सकाळी दुकानात हजर झाले, सहज बघायला म्हणून. मग रोज यायला लागले. आधी ते नुसते बसत, मग गिऱ्हाइकांच्या हातातून पेनड्राइव्ह घेऊन देत, आणि एक दिवस पडवीवाला आतून बाहेर येतो तो पडवीची खुर्ची त्यांनी ताब्यात घेतलेली. तेव्हापासून त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक कागद आत जाईना. गंमत म्हणजे गर्दी वाढली. सासरे ज्या गांभीर्याने तपासत त्याने लोकांना आपल्या कागदांबद्दल आदर वाटायला लागला.

एका सकाळी पडवीवाला घरून स्वतःचाच पेनड्राइव्ह घेऊन आला. बायकोला कसलेसे फोटो छापून हवे होते. दुकानात रांग होती. तो तिच्या कडेने वाट काढत, सवयीने, थेट मागच्या खोलीकडे निघाला.

"जावईबापू," सासरे संगणकावरची नजर न काढता म्हणाले, "रांग तिकडून आहे."

"बाबा, माझाच आहे हा. कालच घेतलाय, नवीन."

"असेल."

पडवीवाल्याने आजूबाजूला पाहिलं. दुकान त्याचं होतं, नियम त्याचा होता, पडवीसुद्धा त्याचीच होती. तो मुकाट्याने शेवटच्या माणसामागे जाऊन उभा राहिला. तेवढ्यात दारातून एक टापटीप साहेब घाईघाईने आत आले, आपली ओळख कोणाकोणाशी आहे ते सांगून म्हणाले की आपल्याला थांबायला अजिबात वेळ नाही, आपलं तेवढं थेट आत घ्या.

सासऱ्यांनी आता मात्र मान वर केली आणि रांगेच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"तो शेवटी उभा आहे ना, तो माझा जावई," ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा आवाज चांगलाच चढला. "दुकान त्याचं आहे. तुम्ही त्याच्या मागे उभे राहा."

साहेब येऊन मागे उभे राहिले. पडवीवाल्याने शर्ट नीट केला आणि एक पाऊल पुढे सरकला.